अर्जाची मागची बाजू

११ जुलै

चि. ठकू,

आशीर्वाद. नको असले तरी पाठवतो आहे, ते परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. मावशीच्या पत्त्यावर टाकलं असतं, पण तुझी मावशी बंद पाकीट उजेडासमोर धरून बघते हे मला लग्न झाल्यापासून माहीत आहे. म्हणून गणित विभागाबाहेर विद्यार्थ्यांच्या टपालाची जी फळी आहे, तिथे आपल्या आडनावाच्या कप्प्यात ठेवतो. स्वतः जाऊन ठेवतो. शिपायाच्या हाती दिलं तर मुख्य लिपिकांनी स्वतःच्या मुलीला पत्र लिहिलं ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॉलेजभर होईल.

मुद्द्यावर येतो. जोडविषयांच्या यादीत तुझं नाव 'कागद जतन आणि पुस्तकबांधणी'खाली न लागता 'संगणक उपयोजन'खाली लागलं, ही कार्यालयीन चूक आहे. नऊशे अर्ज, एक ऑपरेटर आणि चार दिवस. अशा वेळी चार-दोन नावं इकडची तिकडे होतात, दर वर्षी होतात. यादी बघून तू घरी आलीस तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. त्यानंतर मी 'झालं ते बरंच झालं' असं म्हणालो. ते म्हणायला नको होतं, आणि जेवताना तर नकोच होतं. पण म्हणून भरल्या ताटावरून उठायचं, पिशवी भरायची आणि मावशीकडे जाऊन राहायचं, हे जरा जास्तच झालं. आज अठरावा दिवस आहे.

बांधणीच्या वर्गात बाराच जागा असतात. तुझी जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला मिळाली आणि तो रुजूही झाला. आता त्याला उठवता येणार नाही. तेव्हा हे वर्ष संगणकाचं करून टाकावंस असं माझं मत आहे. गणिताबरोबर ते शोभून दिसतं.

तुला वाटतं, बाबांना आवड म्हणजे काय ते कळत नाही. मी या खिडकीत एकोणतीस वर्षं बसलो आहे. दर वर्षी तीन-चार जण येतात. पोट सुटलेली, केस मागे गेलेली माणसं. खिडकीत वाकून हळूच विचारतात, "साहेब, प्रमाणपत्रावरचा जोडविषय बदलून मिळेल का?" एकाने रसायनशास्त्राबरोबर व्हायोलिन घेतलं होतं. तो म्हणाला, मुलाखतीला जाईन तिथे पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो आणि समोरचे सगळे हसतात. मीही हसलो होतो. बदलून मिळत नाही, असं सांगून त्याला परत पाठवला. अशी माणसं पाहिल्यावर आपल्या घरातलं कुणी त्या रांगेत नसावं असं वाटतं, एवढंच.

काल ओळखपत्रावरच्या शिक्क्यासाठी तू खिडकी क्रमांक दोनच्या रांगेत तेवीस मिनिटं उभी होतीस. माझ्या खिडकीसमोर कुणीच नव्हतं. दोन नंबरवाल्याने तीनदा माझ्याकडे बघितलं. मी फाइलमध्ये डोकं घातलं.

आई बरी आहे. तुमचं रोज बोलणं होतं हे मला माहीत आहे. ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन म्हणते, राँग नंबर होता.

बाबा


१९ जुलै

चि. ठकू,

तू प्राचार्यबाईंना लिहिलेली तक्रार वाचली. चोरून नाही. आलेलं प्रत्येक पत्र आवक टेबलावरून माझ्याकडे येतं आणि मग आत जातं. तुझ्या पत्रावर चारशे बारा क्रमांक पडला आहे.

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. अक्षर मात्र घाईचं आहे. 'माझ्या अर्जावर १७ हा विषयक्रमांक मी स्वतः लिहिला होता, यादीत ११ आला आहे, आणि हे आपोआप होत नाही' हे वाक्य नेमकं आहे. मी असतो तर शेवटचे चार शब्द गाळले असते. तक्रारीत माहिती द्यावी, मत देऊ नये. पण तू मला विचारलं नव्हतंस.

प्राचार्यबाई नवीन आहेत. आधीचे साहेब अशा पत्रांवर 'पाहावे' असा शेरा मारून ती माझ्याकडेच पाठवायचे, आणि मी ती पाहायचो. या बाईंनी 'संगणकातील नोंदींचा तपशील सादर करावा' असा शेरा मारला. मारला तो मारला, वर तारीखही घातली. त्यामुळे तपशील काढावा लागला.

तपशील असा आहे. अकरा जूनला तुझा अर्ज संगणकात भरला गेला, त्यात सतराच आहे. चौदा जूनला दुपारी एक वाजून बावीस मिनिटांनी सतराचा अकरा झाला. दोन्ही नोंदी ऑपरेटरबाईंच्या नावाने आहेत. म्हणजे भरताना झालेली चूक नाही, भरल्यावर तीन दिवसांनी कुणीतरी बदललं आहे. तुझं 'आपोआप होत नाही' राहू दिलंस ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं.

याहून जास्त मला या टप्प्यावर सांगता येणार नाही.

तुझ्या खोलीचा पंखा पुन्हा आवाज करतो आहे. तू नाहीस म्हणून कुणी तक्रार करत नाही, एवढाच फरक.

बाबा


१ ऑगस्ट

चि. ठकू,

मावशीकडे तुला गादी टोचते असं कळलं. आपली पातळ गादी मी रिक्षाने पाठवली आहे. ती परत पाठवू नकोस, रिक्षावाला जिना चढायला कुरकुर करतो.

ऑपरेटरबाईंना परवा मेमो मिळाला. तू त्यांना पाहिलं असशील. आमच्या खोलीत डाव्या कोपऱ्यात बसतात, खुर्चीवर घरून आणलेली उशी आहे. सहा वर्षं इथे आहेत, पण कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी त्यांचं नाव नव्याने पुढे पाठवावं लागतं, आणि ते मी पाठवतो. या वेळचे अकरा महिने ऑगस्टअखेर संपतात. प्राचार्यबाईंना संशय असा की प्रतीक्षा यादीतल्या मुलाला जागा मिळावी म्हणून कुणीतरी त्यांच्याकडून हा आकडा बदलून घेतला. संशय सरळ आहे. कागद बघून मलाही तोच आला असता.

मेमो हातात घेऊन त्या माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, "सर, तुम्हीच सांगा, मी असं कशाला करीन? त्या मुलाला मी ओळखत पण नाही."

मी म्हणालो, "कामाच्या गर्दीत होतं असं. उत्तरात तसंच लिहा."

"पण मला आठवतच नाहीये सर."

"नऊशे अर्जांतला एक कुणाला आठवणार?"

त्या जागेवर जाऊन बसल्या. उत्तर लिहायला त्यांनी तीन कागद घेतले आणि तिन्ही फाडले. चौथा मला दाखवायला आणला. 'माझ्या हातून अनवधानाने झाले असावे' असं लिहिलं होतं. मी 'असावे'खाली रेघ मारली आणि हे बरोबर आहे म्हणालो.

त्यांची मुलगी दुसरीत आहे. कधी शाळा लवकर सुटली की येऊन टेबलाखाली बसते आणि शिक्क्याची शाई बोटाला लावून घेते.

एक गोष्ट मला खटकते. चौदा जूनला एक बावीसला ऑपरेटरबाई टेबलावर नव्हत्याच. त्या रोज एक ते दीड खाली बाकावर डबा खातात, एकाही दिवशी खाडा नाही. हे मी चौकशीत सांगितलं तर पुढचा प्रश्न येईल की मग टेबलावर कोण होतं.

हे वरचं वाक्य मी खोडणार होतो. खोडलं तर कागद वाईट दिसेल आणि पुन्हा लिहायला वेळ नाही. राहू दे.

बाबा


६ ऑगस्ट

ठकू,

माझी पत्रं वाचून तू मावशीला म्हणालीस म्हणे, कुठेतरी पाणी मुरतंय. मावशीने आईला सांगितलं, आईने मला. आईने सांगताना माझ्याकडे बघितलं नाही, ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या संपल्यावर तिने त्याच उलगडून पुन्हा घातल्या.

तो आकडा मी बदलला.

लिहून झाल्यावर पाच मिनिटं बसून राहिलो. लिहिण्याआधी वाटलं होतं त्यापेक्षा वाक्य लहान निघालं.

त्या दिवशी तुझा अर्ज मला सापडला, असं लिहिणार होतो. पण नऊशेतला एक अर्ज सापडत नसतो. मी तो ढिगातून शोधून काढला. आम्ही अर्जाची पुढची बाजू वाचतो: नाव, वर्ग, मुख्य विषय, जोडविषयाचा क्रमांक, सही. मागच्या बाजूला 'निवडीचे कारण' म्हणून मोठा चौकोन असतो. तो प्राध्यापकांच्या समितीने सुचवला म्हणून छापतात, वाचत कुणी नाही. मीही नाही वाचला. सतरा बघितला आणि डोकं फिरलं. गणितात वर्गात पहिली येणारी मुलगी, आणि जोडविषय काय, तर जुन्या पुस्तकांना डिंक लावणं. कागद आपल्या घरात कमी आहेत का?

ऑपरेटरबाई खाली जेवायला गेल्या होत्या. संगणक उघडाच होता. माझ्या स्वतःच्या नावाने मुदतीनंतर बदल करता येत नाही, त्यांच्या नावाने येतो. मी त्यांच्या उशीवर बसलो. सात पुसला आणि एक लिहिला. उठायला तेवढाच वेळ लागला.

मनाची समजूत घातली की ही दुरुस्ती आहे. पण मी नोकरीला लागलो तेव्हा माझ्या साहेबांनी पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं: कागदावर काहीही दुरुस्त केलंस की शेजारी सही कर. एकोणतीस वर्षांत सहीशिवाय मी स्वल्पविरामही बदललेला नाही. इथे सही करायची कुठे हे कळलं नाही, आणि करायची इच्छाही झाली नाही. त्यावरून मला तेव्हाच कळलं होतं की ही दुरुस्ती नाही. त्यानंतर यादी लागेपर्यंत नऊ दिवस होते. नऊ दिवसांत कधीही सतरा करता आला असता. मी केला नाही.

तुला हे सांगतो आहे ते एका कारणासाठी. तू तक्रार मागे घे. तू मागे घेतलीस तर प्रकरण तिथेच मिटेल, ऑपरेटरबाईंवरचं बालंटही टळेल, त्यांचं नाव मी जोर लावून पुढे पाठवीन. पुढच्या वर्षी जोडविषय बदलायची एक पळवाट नियमात आहे, तीही बघून ठेवली आहे. माझ्या निवृत्तीला सव्वादोन वर्षं राहिली आहेत. या इमारतीत माझ्यावर कुणी बोट ठेवलेलं नाही, आणि आता या वयात ते होऊ नये असं वाटतं. मला भीती वाटते. हे तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

हे पत्र वाचून फाडून टाक.

बाबा


१० ऑगस्ट

ठकू,

माझं पत्र काल माझ्याच टेबलावर परत आलं. फाडलेलं नव्हतं. समासात तुझ्या अक्षरात शेरा होता: 'वाचले. ऑपरेटरबाईंचे काय?' खाली सही आणि तारीख.

मी तुला हे कधी शिकवलं नाही. लहानपणी सुट्टीच्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून तू चित्रं काढायचीस, तेवढ्यात बघून उचललं असशील.

पळवाट, बालंट, जोर लावणं, हे सगळं मी लिहिलं होतं आणि त्या समासातल्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठे नव्हतं. पत्र मी दोनदा तपासलं. नव्हतं.

चौकशी सतरा तारखेला आहे.

बाबा


१८ ऑगस्ट

ठकू,

काल काय झालं ते तुला आईकडून कळलं असेल. आई ऐकीव सांगते, मी तिथे होतो. म्हणून क्रमाने सांगतो.

प्राचार्यबाईंच्या खोलीत आम्ही चौघं. त्या, तुमचे गणिताचे विभागप्रमुख, ऑपरेटरबाई आणि मी. मी यासाठी की कुठल्याही बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो. कोण काय म्हणालं ते सगळं मी टिपून घ्यायचं आणि शेवटी सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. ऑपरेटरबाईंनी इस्त्रीची साडी नेसली होती. मुलाखतीला नेसतात तशी.

प्राचार्यबाईंनी मूळ अर्ज मागितला. मी फाइलमधून काढून दिला. त्यांनी पुढची बाजू बघितली आणि सहज उलटला. म्हणाल्या, "मागे बरंच लिहिलंय की. कुणी वाचलंय का हे?"

कुणीच नव्हतं वाचलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. मी इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवून घेतलं, म्हणून मला पाठ आहे. तू असं लिहिलं होतंस:

'माझा मुख्य विषय गणित आहे. तो अर्ज बाबांनी भरला, मी सही केली. गणित मला जमतं आणि आवडतंही. पण विचारलं असतं तर मी तेच घेतलं असतं का, हे मला आता कधीच कळणार नाही. म्हणून जोडविषय गणितापासून जेवढा लांबचा मिळेल तेवढा घेते आहे. कागद जतनाची कार्यशाळा मी एकदा खिडकीतून पाहिली. एक बाई फाटलेल्या पानाला पातळ कागदाची पट्टी लावत होत्या. वीस मिनिटं त्या कुणाशी बोलल्या नाहीत आणि त्यांना घाई नव्हती. मला ते करून बघायचं आहे. याचा पुढे काय उपयोग ते मला माहीत नाही.'

विभागप्रमुख म्हणाले, "गणिताच्या मुलीने असं काही लिहावं म्हणजे..." प्राचार्यबाई ऑपरेटरबाईंकडे वळल्या. "बघा, मुलीने एवढं विचार करून लिहिलं होतं. तुम्हाला हे बदलायला कुणी सांगितलं, तेवढं सांगा. मग मला तुमच्यासाठी काही करता येईल."

ऑपरेटरबाई म्हणाल्या, "मॅडम, मीच केलं असेल. पण कुणी सांगितलं नव्हतं."

मला लाज वाटली. इतकी की हातातलं पेन मला दिसेनासं झालं. मी म्हणालो, "मॅडम, तो आकडा मी बदलला."

"कुठला आकडा?"

"सतराचा अकरा. या जेवायला गेल्या होत्या. यांना काहीही माहीत नाही. मुलीनेही मला काही सांगितलेलं नव्हतं, मी अर्ज शोधून बघितला."

"मुलगी तुमची आहे ना?"

"हो."

त्यांनी अर्ज मिटून ठेवला. म्हणाल्या, "हे इतिवृत्तात घ्यायचं का? विचार करा. तोवर आपण चहा मागवू." बाई चांगल्या आहेत. एवढी वर्षं मी अशाच चहाच्या वेळेत कितीतरी लोकांची कितीतरी वाक्यं इतिवृत्ताबाहेर ठेवली आहेत.

मी म्हणालो, "चहा नको. घेतो लिहून."

मग एक विचित्र अडचण आली. इतिवृत्तात कुणी 'मी' नसतो. म्हणून मी लिहिलं: 'मुख्य लिपिक यांनी असे सांगितले की सदर बदल त्यांनी स्वतः केला असून ऑपरेटर यांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. असे करण्याचे कारण विचारले असता त्यांनी सांगितले की मुलीने निवडलेला विषय त्यांना निरुपयोगी वाटला. मुलीशी याबाबत बोलणे झाले होते काय, असे विचारले असता त्यांनी नाही असे सांगितले.' शेवटचे दोन प्रश्न मला कुणी विचारलेच नव्हते. लिहिता लिहिता मीच विचारले. प्राचार्यबाईंनी सही करण्याआधी ते वाचले आणि खोडले नाहीत.

बाहेर आल्यावर मी ऑपरेटरबाईंना म्हणालो, "माझं चुकलं." त्या चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "मी घरी सांगून टाकलं होतं सर, की माझ्याच हातून झालंय. तुम्ही म्हणालात ना, होतं असं. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं." पुढे म्हणाल्या, "मुलगी विचारत होती, आई तू खोटं केलंस का."

चष्मा लावून त्या निघून गेल्या.

घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला यादी लागली त्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही ताटात मान घालून जेवत होतात." मग तू का बोलली नाहीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही कधी बोलता याची वाट बघत होते. ठकू पण तीच बघत होती."

बाबा


७ सप्टेंबर

ठकू,

निकाल लागला. माझं मुख्य लिपिकपद काढून घेतलं आहे. आता मी तळमजल्यावर आवक टेबलाला, आलेल्या कागदावर शिक्का आणि क्रमांक घालतो. निवृत्त तिथूनच होणार. पहिले दोन दिवस लोक काहीतरी निमित्त काढून बघायला यायचे, आता येत नाहीत. वरच्या खोलीपेक्षा इथे वारा चांगला आहे. हे सारवासारव म्हणून लिहीत नाही, आहेच चांगला.

ऑपरेटरबाईंचे पुढचे अकरा महिने मंजूर झाले. त्या आता पाणी प्यायला उठल्या तरी संगणक बंद करतात. माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी त्याहून जास्तीची अपेक्षा ठेवलेली नाही.

तुला जोडविषयाचा नवा अर्ज भरायची खास परवानगी मिळाली, हे मला माझ्याच टेबलावरून गेलेल्या पत्राने कळलं. कुठलाही विषय, जागा भरलेली असली तरी एक वाढवून. काल तू अर्ज घेऊन आलीस. आता सगळे अर्ज माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे दोन नंबरच्या खिडकीची सोय तुला नव्हती. अडीच महिन्यांनी तू माझ्यासमोर उभी राहिलीस. बारीक झाली आहेस.

मी उठलो. शेजारच्या टेबलावरच्या जावकवाल्याला म्हणालो, "एवढा अर्ज तू घे, नात्यातला आहे," आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. हे मी फार विचार करून ठरवलं होतं. तो अर्ज मी हातात घ्यायचा नाही, पुढून नाही आणि मागून नाही. आईला बजावून ठेवलं होतं की तुला माहीत असलं तरी मला सांगू नकोस. या कॉलेजात एकोणतीस वर्षांत कुणी काय घेतलं ते मला माहीत नव्हतं असं झालेलं नाही. फक्त तुझंच माहीत असणार नाही. मला वाटलं, तुझं जे घेतलं ते परत करायची हीच रीत आहे. खरं सांगायचं तर मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं.

तू पोच घेऊन बाहेर आलीस आणि माझ्याजवळ थांबलीस.

"बघितला नाहीत अर्ज?"

"नाही."

"आईने सांगितलं?"

"नाही. मीच नको म्हणालो. मी तुला काही विचारणार नाही, ठकू. आता तुझं तू ठरवायचं."

तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "म्हणजे नेहमीसारखंच." आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून गेलीस.

मी तिथेच उभा राहिलो. जावकवाल्याने दोनदा हाक मारली. मला वाटत होतं की मी नव्याने काहीतरी करतो आहे. गणिताचा अर्ज भरताना मी तुला विचारलं नव्हतं. सतराचा अकरा करताना विचारलं नव्हतं. काल मोठ्या मनाने व्हरांड्यात उभा राहिलो, तेव्हाही विचारलं नाही. इतिवृत्तात मी स्वतःच लिहिलं होतं, मुलीशी बोलणे झाले नाही. लिहूनही कळलं नव्हतं.

हे पत्र फळीवर ठेवणार नाही. मावशीकडे येतो आहे, हातात देईन. उजेडासमोर धरायचं तर धरू दे तिला. घरी चल म्हणायला येत नाही, ते तू ठरव. फळीवर ठेवलं असतं तर उत्तराची वाट बघत मी पुन्हा टेबलामागे बसलो असतो, म्हणून येतो आहे. तू हे वाचत असशील तेव्हा मी समोर बसलेला असेन. तोंडाने नीट विचारता येईल याची खात्री नाही, सवय नाही, म्हणून आधी लिहून ठेवतो.

कोणता विषय घेतलास, ठकू? आणि तुला तो का आवडतो?

मला सव्वासहाच्या बसने परत जायचं आहे. पण त्यानंतरही बस असतात.

बाबा